‘सही केली का गं तिनं?’ : कादंबऱ्या छापणाऱ्यांना एक खुलं पत्र

मराठी कादंबऱ्या काढणारे सर्व प्रकाशक आणि त्यांचे संपादक यांना,

स. न. वि. वि.

लातूर जिल्ह्यातल्या एका ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी अठरा वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे कुलूप काढणं, झाडलोट, पेपर लावणं, देवघेव, थकलेल्या वर्गणीसाठी लोकांच्या दारात उभं राहणं आणि अनुदानाचा हप्ता कधी पडणार म्हणून जिल्ह्याच्या कचेरीला फोन लावणं. हे सगळं एकच माणूस करतं आणि ते माणूस मी. रडगाणं गात नाही, ओळख करून देतेय. पुढं एका पुस्तकाबद्दल जे लिहिणार आहे त्याला समीक्षा म्हणू नका. समीक्षा मला येत नाही. मला देवघेवीचं रजिस्टर वाचता येतं.

रजिस्टर काय सांगतं बघा. ज्या कादंबरीसाठी आमच्याकडं अकरा जणांनी नंबर लावले होते, ती पहिल्या वाचकाकडून चौथ्या दिवशी परत आली. दुसऱ्याकडून दुसऱ्याच दिवशी. तिसऱ्या बाईंनी घरी नेलीच नाही. टेबलापाशी उभ्याउभ्या पाच-सहा पानं वाचली, मिटली आणि म्हणाल्या, ‘राहू द्या. पहिलीच द्या परत.’

पहिली म्हणजे त्याच लेखिकेची पहिली कादंबरी. ही दुसरी तिचाच पुढचा भाग. दोन्ही पुस्तकांची आणि लेखिकेची नावं मी इथं लिहीत नाही. ज्यांनी वाचलीत त्यांना दोन ओळींत कळेल. शिवाय पत्र तिला नाही, तुम्हाला आहे. तिनं एकदा आमच्या गावाला पुरेल एवढं देऊन ठेवलंय. दुसऱ्यांदा हात हलका पडला म्हणून तिला चावडीवर उभं करायचा मला हक्क नाही. तुम्हाला विचारायचा मात्र आहे. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि तुमच्या पुस्तकांचं एक खात्रीचं गिऱ्हाईक आम्हीच आहोत, हे तुम्हालाही माहीत आहे.

आमच्याकडच्या पहिल्या कादंबरीच्या प्रतीची दोनदा बांधणी केलीय. पान ६० च्या आसपास हळदीचं बोट उमटलंय. शेवटच्या पानाचा खालचा कोपरा इतक्या बोटांखालून गेलाय की कागद कापडासारखा मऊ झालाय. गोष्ट तशी साधी. किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात एक म्हातारा वारतो आणि त्याच्या मरणापासून तेरवीपर्यंतचे तेरा दिवस. म्हाताऱ्याची पहिली बायको आणि चार वर्षांची मुलगी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेलेली. सात वर्षांचा मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. वर्षभरात म्हाताऱ्याचं दुसरं लग्न झालं, मग एक मुलगी, एक मुलगा. म्हणजे तेराव्याच्या मांडवात थोरला सावत्र, बहीण आणि धाकटा सख्खे, आणि मधे ती माय. थोरल्यानं तिला आयुष्यात कधी कुठल्या नात्यानं हाक मारली नाही. पाणी हवं असलं की भिंतीला विचारल्यासारखं विचारायचा, ‘पाणी हाय का?’

तुम्हाला लांबून कदाचित दिसत नसेल, म्हणून त्या पहाटेबद्दल थोडं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक उशिरा झोपले होते. चार वाजायला चार मिनिटं कमी होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्या आणि हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच माणसांवर बसली. माझं सासर तेव्हा औसा तालुक्यात. लग्नाला दोन वर्षं झालेली. आमचं घर वाचलं, पण सासूबाई पुढं वारेपर्यंत छताखाली झोपल्या नाहीत, अंगणातल्या बाजेवरच. मेलेल्यांना एकेकाला अग्नी द्यायला ना लाकूड होतं ना वेळ, ना नातेवाईक. कुणाची राख कुणाची हे कुणी सांगू शकत नव्हतं.

पहिल्या कादंबरीतला तिसरा दिवस मी त्यामुळं एका बैठकीत वाचू शकले नाही. राख सावडायला गेलेला थोरला बापाच्या अस्थी मडक्यात भरता भरता थांबतो. आपल्या आईची राख कुणी सावडली होती का, हे आपण बापाला कधीच विचारलं नाही, हे त्याला तिथं, वाकलेल्या अवस्थेत आठवतं. लेखिका त्यावर काही बोलत नाही. धाकटा म्हणतो, ‘दादा, उन व्हायलंय, उरक.’ बस. दहाव्याला कावळा शिवत नाही. भावकीतला जो तो पुढं होऊन कबूल करतो : जमीन विकणार नाही, मायला अंतर देणार नाही, पोरीला दिवाळीला आणू. कावळा बाभळीवरून बघत राहतो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात आणि लोक आंघोळीला जातात. पुस्तकात एवढंच आहे. पण आमच्या इथल्या एका आजींनी (त्यांना वाचता येत नाही, नातीनं वाचून दाखवलं) मला दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, ‘भूकंपात गेलेल्या पोरीचं नाव घ्यायला पायजे होतं. त्याच्यासाठी अडला होता त्यो.’ पुस्तकभर त्या मुलीचं नाव कुठंही येत नाही. मी परत तपासलं. खरंच नाही. जे लिहिलेलं नाही ते आजींनी ऐकलं होतं.

आणि शेवट. तेरवी झाली, पाहुणे गेले. सात एकरांचा प्रश्न आला. भाऊ बहिणीला घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. हक्कसोडपत्र तयार आहे. दोन साक्षीदार आहेत. थोरला बाहेर पानटपरीवर उभा, धाकटा आत, दोघं आठ दिवस एकमेकांशी बोललेले नाहीत. कारकून बोट ठेवून दाखवतो, ताई, इथं. तिच्या हातात पेन आहे. पुस्तक संपतं.

हा शेवट आमच्या गावानं सात वर्षं वापरला. बचतगटाच्या बायकांत त्यावर दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, करणारच ती सही, नाही केली तर माहेर तुटेल, पंचमीला कुणाच्या दारात जाईल? दुसरा म्हणायचा, पेन धरूनच बसली म्हणजे नाही करणार. एक शिक्षक कायदा घेऊन आले : बापाच्या वाट्यात मुलीला १९५६ पासून हिस्सा आहे, वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून, मग २००५ चा केंद्राचा कायदा आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असलाच पाहिजे असं काही नाही. बायकांनी सगळं ऐकून घेतलं. एकजण म्हणाली, ‘सर, कायदा तिलाबी माहीत असंल. तिच्या मागं धाकटा उभा हाय, त्याचं काय करता?’ सरांना त्यावर कलम सापडलं नाही.

तर अशा गावात तुमचा दुसरा भाग आला.

पान ९. एका लांब वाक्याच्या पोटात, पावसाच्या वर्णनाच्या आधी, एका विशेषणासारखं लिहिलंय की सही करून मोकळी झालेली ती आता खिडकीशी बसून असते. झालं. सात वर्षांचा प्रश्न अर्ध्या ओळीत उरकला. तिनं सही केली याचं मला दुःख नाही. आमच्याकडच्या बहुतेकजणी करतात. पण ती सही होतानाचा क्षण, ज्याच्यासाठी अकराजणांनी नंबर लावले, तो पुस्तकाच्या बाहेर, कुठंतरी दोन भागांच्या मधल्या पांढऱ्या जागेत होऊन गेला. पुढची पावणेतीनशे पानं ती खिडकीशी बसलीय. ती काय करते? आठवते. थोरला पुण्यात बाल्कनीत उभा राहून आठवतो. माय उंबऱ्यात बसून आठवते. सगळे आठवतात, आणि शांतता पसरते. ‘शांतता’ हा शब्द मी पेन्सिलीनं मोजायला घेतला होता. चाळिसाव्याला थांबले, ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करणं बरं दिसत नाही.

पहिल्या पुस्तकात कुणालाही शांत बसायला वेळ नव्हता. मयताच्या घरात कुठला असतो? सरपण आणायचं, पाहुण्यांना निरोप द्यायचे, शेजारच्या घरातून आलेली पिठलं-भाकरी कुणी जेवलं कुणी नाही ते बघायचं, कडू घासाला कोण येणार, टोपी-टॉवेलचा आहेर कुणाचा किती, कीर्तनकाराची बिदागी, आणि या सगळ्यात रडायचं. सुनेला रडायला सापडते ती चुलीपुढची जागा, धुराचं निमित्त करून. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद, मग वारसनोंदीचा अर्ज, गाव नमुना सहा-क, फेरफार, सातबारा. बापाचं नाव सातबाऱ्यावरून कमी झालं की ते कळायला एक दिवस लागतो आणि पटायला वर्ष. धाकट्यानं तलाठ्याकडून आणलेला नवा उतारा थोरला पहिल्या पुस्तकात तीनदा वाचतो, तिन्ही वेळा सगळ्यात वर बघतो. हे लिहिणारी बाई खिडकीशी बसणाऱ्या बाईवर कशी आली, हे मला कोडं पडलं.

आता धाकट्याबद्दल. दुसऱ्या भागात पान ७० ला धाकटा आत्महत्या करतो. दीड पान. एक वीज चमकते, एक गाय हंबरते आणि पुढच्या प्रकरणात दोन वर्षं उलटलेली असतात. मराठवाड्यातल्या कादंबरीत शेतकऱ्यानं जीव द्यावा यात काही विशेष राहिलं नाही असं तुमच्याकडं कुणाला वाटलं असेल, तर ते वाटणं मला फार लागलं. माझ्या वाचकांत अशा तीन बायका आहेत. त्या दोन वर्षांत काय होतं ते त्यांना विचारा. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पंचनामा, शवविच्छेदन. मग तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत अहवाल सरकतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’. जमीन होती का? कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? मेहुण्याकडून घेतलेले हातउसने लाखभर रुपये कितीही गळ्याशी आलेले असोत, त्यांना कागद नाही. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर माणूस कशानं मेला याचं सरकारी उत्तर असं की तुम्ही समजता त्यानं नाही. बाई तहसीलच्या पायरीवर बसून असते आणि सासरा, दीर, भाऊ यांच्यात त्या तीस हजारांवरून जे सुरू होतं त्याला कठीण नातेसंबंध म्हणतात. तुमच्या मलपृष्ठावर हाच शब्द आहे ना, ‘नात्यांची गुंतागुंत’? गुंता पायरीवर बसला होता. कादंबरी दोन वर्षं पुढं निघून गेली.

ज्या बाईनं पहिल्या भागात सावडण्याच्या वेळचं ‘दादा, उरक’ लिहिलं, तिला ही पायरी दिसली नसेल असं मी मानत नाही. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच. धाकट्याची बायको कुठं गेली, बाई? एवढा एक प्रश्न कुणी हस्तलिखिताच्या समासात लिहिला असता तर कदाचित तीच कादंबरी झाली असती.

कुणी विचारलं नाही हे मी कशावरून म्हणते? घरावरून. पहिल्या भागात घराला पत्रा आहे. माळवद नसणारच, पुनर्वसनातलं घर ते. भूकंपानंतर ५२ गावं नवीन जागी वसवली तेव्हा जमिनीच्या हिशेबानं कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४००, कुणाला ७५० मिळाले. सरळ रेषेतल्या गल्ल्या, जुन्या गावातला शेजार इकडं-तिकडं उधळलेला. पावसात पत्र्याच्या आवाजानं बापाचं बोलणं पोरांना ऐकू जायचं नाही आणि बाप पावसातच तेवढा बोलायचा, अशी एक जागा पहिल्या भागात आहे. ती वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. दुसऱ्या भागात त्याच घरावर माळवद आहे! थोरला गावी आल्यावर रात्री माळवदावर जाऊन चांदण्या बघतो. ज्या घराण्याची दोन माणसं माळवदाखाली गेली, त्याच्या नव्या घराला माळवद, आणि त्यावर हा चांदण्या बघत पडलेला. लेखकाकडून चूक होते. आम्हीही ग्रंथसूचीत शंभर चुका करतो. पण पुस्तकाच्या चौथ्या पानावर मुखपृष्ठ कुणाचं, अक्षरजुळणी कुणाची, छपाई कुठं, सगळ्यांची नावं आहेत. संपादनापुढं नाव नाही. संपादन ही ओळच नाही.

वेळा अमावास्येचंही तसंच. येळवस म्हणतो आम्ही. एका आठवणीत धाकट्याला जाऊन महिना झालेला आणि घर भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन हसतखेळत रानात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा. वर्णन सुंदर आहे, तोंडाला पाणी सुटतं. पण दुःखाच्या घरचा पहिला सण असा नसतो. सोयरे-भावकी येऊन बळंच दोन घास भरवतात, तेव्हा सण होतो. मला वाटतं हे पान आधी कुठंतरी स्वतंत्र लेख म्हणून लिहिलेलं असावं आणि ‘मातीचा गंध’ हवा म्हणून इथं लावलं असावं. चूक असेल तर माफ करा.

मातीचा गंध म्हटलं की आठवलं. मलपृष्ठावर आमच्या भागाला तुम्ही ‘भेगाळलेली भूमी’ म्हटलंय. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती गाडी टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिली. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर भेग असते. कविता असो, विनोदी कथा असो. एकदा पाककृतीच्या पुस्तकावरही बघायची माझी तयारी आहे.

भाषेबद्दल जास्त लिहीत नाही. पहिल्या भागात माणसं ‘काय करायलास?’ म्हणायची आणि निवेदन साधं. दुसऱ्या भागात माणसं शुद्ध बोलतात आणि निवेदनच मधेमधे ‘लई’, ‘व्हय’ पेरतं. उलटं झालं.

एवढं सगळं लिहिल्यावर हेही सांगितलं पाहिजे की दुसऱ्या भागात चार पानं अशी आहेत, जी पहिल्या भागातही नाहीत. मायची श्रावणबाळची पगार अडलीय. (आमच्याकडं निराधारांच्या पैशाला पगारच म्हणतात.) ती जिवंत असल्याचा दाखला द्यायचाय आणि मशिनवर तिचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपून, भांडी घासून रेषाच उरल्या नाहीत. मशिन परत परत नाही म्हणतं. थोरला, ज्यानं तिला कधी हाक मारली नाही, तो बाजूला उभा आहे. मागं रांग वाढतेय. तो तिचा हात घेतो, आपल्या सदऱ्याला पुसतो, अंगठ्यावर जोर देऊन धरतो. उमटत नाही. मग दुसरं बोट. मग दुसरा हात. दहाही बोटं. त्या चार पानांत तो तिच्याशी एक शब्द बोलत नाही, आणि तिथं एकदाही ‘शांतता’ हा शब्द नाही. हे वाचलं आणि मला तुमचा जास्तच राग आला. आटलेल्या विहिरीबद्दल कोण तक्रार करेल? इथं तळाला पाणी होतं आणि तुम्ही पोहरा अर्ध्यातून वर ओढला.

आमच्या भागात शोक लिहिणं नवीन नाही. आपेगावची चार भावंडं आणि नरसीचे नामदेव, दोन्ही गावं मराठवाड्यातलीच. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली त्याचे नामदेवांचे अभंग आमच्याकडं भजनात म्हणतात. त्यात रडणं भरपूर आहे, पण म्हणणाऱ्याचा आवाज फुटतो तो निवृत्तिनाथापाशी. धाकट्या भावाला हात धरून आत नेणारा आणि बाहेर येऊन दाराला शिळा लावणारा थोरला भाऊ. शोक त्या हातांच्या कामात आहे. आमचे भजनी मंडळातले लोक निरक्षर असले तरी त्यांना हे कळतं; म्हणून ते तिथं टाळ हळू करतात.

मी काय मागतेय? पहिल्या पुस्तकाला पुरस्कार मिळाले की लगेच पुढचा भाग मागू नका, असं म्हणणार होते, पण यात सात वर्षं गेलीच होती. मग घाई कुठं झाली? माझ्या मते शेवटच्या सहा महिन्यांत. पुस्तक साहित्य संमेलनाच्या तोंडावर आलं, आणि त्यात शुद्धलेखनाच्या ज्या चुका आहेत त्या रात्री जागून काढलेल्या पुस्तकातल्या आहेत. अशा चुका मी वार्षिक अहवालात दरवर्षी करते, म्हणून ओळखते. संमेलन दरवर्षी येतं. मांडव परत पडतो. पुस्तकाला एक माणूस द्या जो लेखकाच्या प्रेमात नाही आणि विक्रीच्या खात्यातही नाही. त्याचं नाव चौथ्या पानावर छापा, म्हणजे पुढच्या वेळी हे पत्र मला त्याच्या नावानं लिहिता येईल. आणि हस्तलिखित छापण्याआधी ज्या भागातलं आहे तिथल्या दोघातिघांना वाचायला द्या. आमच्या अकरा जणांपैकी कुणीही फुकट वाचलं असतं. माळवद पहिल्याच वाचकानं उतरवलं असतं.

अजून एक. पहिल्या भागाची नवी आवृत्ती काढताना दोन्ही भाग एकत्र बांधून ‘संच’ करू नका, ही हात जोडून विनंती. पहिल्या पुस्तकाला त्याच्या शेवटच्या पानावर, पेन हातात असताना, एकटं राहू द्या.

या पत्राच्या मागे मी स्वतःही आहे, ते लपवत नाही. माझं लग्न १९९१ चं. वडील २०११ मध्ये गेले. चौदाव्या दिवशी मी सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, भाऊ चांगले आहेत, दिवाळीला गाडी पाठवतात. कचेरीत पंखा होता पण लाइट नव्हती. कारकुनानं पेन दिलं ते चालेना, मग धाकट्या भावानं त्याच्या खिशातलं दिलं, आणि सही झाल्यावर मी ते चुकून माझ्या पर्समध्ये टाकलं. अजून आहे. रिफिल वाळलीय. मला त्या दिवसाबद्दल कधी काही लिहावंसं वाटलं नाही, कारण एका पुस्तकात कुणीतरी त्याच्या अगदी दारापर्यंत येऊन ठेवलं होतं. आत ती लेखिकाच जाईल अशी मी वाट बघत होते.

परवा सोमवारी त्या आजी आल्या. दुसरा भाग आल्याचं नातीकडून कळलं होतं, पण नात आता नर्सिंगला लातूरला असते, वाचून दाखवायला कुणी नाही. काठी भिंतीला लावून त्या माझ्यासमोर बसल्या आणि थेट विचारलं, ‘सही केली का गं तिनं?’

‘केली म्हणून लिहिलंय.’

‘कधी?’

‘ते नाही लिहिलं.’

‘थोरला आत आला होता का तवा? का बाहीरच?’

‘ते पण नाही.’

आजी थोडा वेळ फळ्यावरच्या सुविचाराकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, ‘लुगडं तरी घेतलं का तिला?’

मी मान हलवली. पुस्तक माझ्या हातातच होतं. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, परत टेबलावर ठेवलं.

‘तुला काय घेतलं होतं गं, तुझ्या टायमाला?’

‘साडी,’ मी म्हटलं. ‘हिरवी. फॉल-पिको न केलेली.’

आपली,
एक ग्रंथपाल